साहेबाचे कट्टे आणि तीस वर्षांचा घोळ

विजयदुर्गावर गेलेल्यांनी ‘साहेबाचे कट्टे’ पाहिले असतील. तिथे एक गोष्ट हमखास कानावर पडते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. आम्हीही ही गोष्ट खरी मानूनच सांगत होतो. आज ती जरा तपासून बघू.

आधी ग्रहणाचे साधे गणित. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून दोघे आकाशात जवळजवळ सारखेच दिसतात आणि चंद्र सूर्याला नेमका झाकू शकतो. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेला चंद्र सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो. म्हणून त्याची सावलीही जमिनीवरून पूर्वेकडेच पळते. १८६८ची सावली अरबी समुद्रावरून आली, पश्चिम किनाऱ्यावर चढली आणि जमखिंडी, विजापूर, गुंटूर करत मच्छलीपट्टणला पोचली. ऑगस्टात कोकणातले आभाळ कसे असते, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवशी कोण कुठे होते, याच्या नोंदी आहेत. जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले जान्सेन. या यादीत लॉकयर नाहीत. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते!

मग त्यांचे नाव आले कुठून? ते समजायला दिवसाचा उजेड समजून घ्यावा लागतो. सूर्याच्या कडेवरून लाल ज्वाळा उसळत असतात, पण एरवी त्या दिसत नाहीत. आपली हवा सूर्यप्रकाश चहूकडे विखुरते आणि त्या झगमगाटात ज्वाळा हरवतात. ग्रहणात हा पडदा काही मिनिटे उतरतो. त्या मिनिटांत निरीक्षकांनी वर्णपटदर्शकातून ज्वाळांच्या प्रकाशात तेजस्वी रेषा पाहिल्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. जान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रहण नसताना पुन्हा यंत्र लावले, आणि रेषा दिसल्या.

हे कसे जमले? आकाशाच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. लोलकांनी तो लांबवर पसरवला की फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्याच रंगांचा. त्याच्या रेषा पसरत नाहीत, ठळकच राहतात. लॉकयर यांच्याही डोक्यात हीच युक्ती होती. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेले पदकच काढले.

त्या रेषांमध्ये एक पिवळी होती. मिठातल्या सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेला अगदी लागून, पण तिच्यावर नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. लॉकयर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली. ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, त्यावरून नाव पडले हेलियम. अनेकांना ते पटले नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. इतक्या हलक्या वायूला पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण फार काळ धरून ठेवू शकत नाही, म्हणून हवेत तो अगदी नाममात्र उरतो. तो इतकी वर्षे हाती का लागला नाही, याचे हे एक मोठे कारण.

आता विजयदुर्ग. लॉकयर तिथे आले होते हे खरेच आहे, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना मदतीला घेऊन. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. साहेबाचे कट्टे या मोहिमेशी जोडणे तारखांना धरून आहे. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली, तीस वर्षे गळून पडली.

यात आपले काय बिघडले? बिघडले ते असे. त्याच २२ जानेवारीला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे मांडून त्याच सावलीत उभे होते. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांनीच पुण्यात उभी केली होती. साहेबाचे नाव गावोगावी ठाऊक आहे. नायगमवालांचे किती जणांना आहे? न घडलेल्या शोधाचा अभिमान सांभाळताना घडलेले काम झाकले गेले.

हेलियम दिन जरूर साजरा करा. फक्त कट्ट्यांपाशी उभे राहून पोरांना १८६८ सांगाल तेव्हा १८९८ही सांगा, आणि जेऊरचे नाव घ्यायला विसरू नका.