दंडाची पावती आणि दारातला बेलिफ



आपल्या सभांमध्ये एक वाक्य हमखास टाळ्या घेते: "नोटीस घेऊन आला तर फाडून फेका." मी या वाक्याच्या विरोधात लिहितोय. केज तालुक्यातल्या गायरानांवर जे कोणी आजही टिकून आहेत, त्यांच्यामागे नोटिसा जपून ठेवणाऱ्या अडाणी म्हाताऱ्यांचा मोठा हात आहे.

1953 साली, बाबासाहेब हयात असताना, मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पुढे 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर लाखो लोक तुरुंगात गेले. बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने हाच लढा गावोगावच्या गायरानात उतरवला. जमीन फोडून पेरणी केली की तलाठी यायचा, पंचनामा करायचा, 'अतिक्रमणदार' म्हणून गाव नमुना 1-ई मध्ये नाव चढवायचा आणि दंड ठोकायचा. पोटाला नसताना दंड भरायचा, म्हणजे लोकांना ती लाजच वाटायची. तरी काहींनी पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या.

मग 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करायची. (शेवटची तारीख कोणती निवडली ते बघा.) आता प्रश्न आला पुराव्याचा. त्या काळात जमीन तुम्हीच कसत होता, कशावरून? सातबारा तर नावावर नव्हता. पुरावा होता तो सरकारनेच लिहिलेला: 1-ई ची नोंद, पंचनामा, दंडाची पावती. हुसकावण्यासाठी लिहिलेल्या कागदानेच आपण तिथे होतो हे सिद्ध केले. ज्यांनी रागाच्या भरात तो चुलीत घातला, त्यांना अर्जासोबत जोडायला काय उरले?

कोणी म्हणेल, 12 मे 1875 ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकाराची खते जाळलीच ना? जाळली, आणि त्यातून 1879 चा दख्खनचा शेतकरी कायदा आला, कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. पण ती खते सावकाराच्या पेटीत होती आणि फक्त सावकाराच्या कामाची होती. शिवाय बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, तो कायदा इथे पोचलाच नाही.

आज दारात येणारा माणूस तीनपैकी एक असतो. तलाठी किंवा मंडळ अधिकारी, कोर्टाचा बेलिफ, नाहीतर फायनान्सचा वसुलीवाला. तिसऱ्याला घरातली वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नाही, आणि नेमका तोच सर्वात जास्त आवाज करतो. बेलिफाकडे मात्र कोर्टाच्या सही-शिक्क्याचे वॉरंट असते. ते मागा, वाचा, दावा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. तो नोकरी करतोय, त्याच्याशी भांडून हुकूम बदलत नाही. अंगावर गेलात तर पैशाचा दिवाणी दावा फौजदारी होतो. पूर्वीचे 353 कलम आता न्याय संहितेत 132 झाले आहे, एवढाच फरक.

पण गप्प बसायचेही नाही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 सांगते की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्मरीतीने बाईला काढता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांची जप्ती होत नाही. शेतकरी-मजुराचे राहते घरही जप्त होत नाही. गहाण टाकले असेल तर गोष्ट वेगळी. कलम 62 प्रमाणे सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी जप्तीसाठी घरात शिरता येत नाही. कलम 56 प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक नाही. आणि ऐपतच नसलेल्या देणेकऱ्याला तुरुंगात टाकणे घटनेच्या कलम 21 च्या विरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले. जे उचलले जाईल त्याची यादी करून घ्या आणि प्रत मागा.

केजची खरी अडचण वेगळीच आहे. दसरा-दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. समन्स बंद दाराला चिकटवले जाते, नाहीतर घरी राहिलेल्या आजीचा अंगठा घेतला जातो. कोर्टात कोणी हजर होत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि टोळी परत आली की थेट बेलिफच दारात. अशा वेळी आरडाओरडा करण्यात एक दिवसही घालवू नका. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. मुकादमाकडची उचल, कारखान्यावरची हजेरी, तोडीची चिठ्ठी, आपण त्या तारखेला गावात नव्हतो हे दाखवणारे जे काही असेल ते वकिलाकडे न्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याने.

ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे काढायला सांगितली आणि पुन्हा नोटिसा निघाल्या. तेव्हा म्हाताऱ्यांच्या त्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागल्या. तुमच्या घरची पेटी कुठे आहे, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे या रविवारी विचारून ठेवा.