चिंतामणरावांचा राजीनामा कशासाठी?

केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. महाराष्ट्रात त्याची आठवण एकाच सुरात निघते: मुंबईसाठी मराठी माणसाने दिल्लीची खुर्ची लाथाडली. उलट बाजूचे लोक म्हणतात, रिझर्व्ह बँकेचा हा पहिला भारतीय गव्हर्नर, मुरलेला आयसीएस, अखेर प्रांतिक भावनेच्या आहारी गेला. स्तुती आणि निंदा, दोन्ही एकाच गृहीतावर उभ्या आहेत. आणि ते गृहीत अपुरे आहे.

त्यातले खरे ते आधी मान्य करू. १९५२ मध्ये चिंतामणराव कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्राचीच, असे त्यांचे ठाम मत होते. राज्यांच्या पुनर्रचनेत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला, तेव्हाच त्यांनी राजीनामा देऊ केला होता.

पण राजीनाम्यावरचे लोकसभेतले त्यांचे निवेदन मुंबईच्या मागणीपाशी थांबत नाही. त्यात आणखी दोन आरोप आहेत. पहिला कार्यपद्धतीचा: जूनमध्ये मुंबईतल्या काँग्रेस महासमितीपुढे पंतप्रधान नेहरूंनी मुंबईच्या भवितव्याची घोषणा केली, ती मंत्रिमंडळाला विचारात न घेता. दुसरा गोळीबाराचा: मुंबईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली, तरी न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. नेहरूंनी पहिला आरोप फेटाळला, हेही नोंदवले पाहिजे. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, यावर मतभेद होऊ शकतो. पण सामूहिक जबाबदारी आणि चौकशी हे प्रश्न मराठी-गुजराती वादाचे नव्हेत; ते कोणत्याही प्रांताला लागू पडतात.

यावर कोणी म्हणेल, तत्त्व हा नुसता मुलामा होता. मग पुढचे वर्तन तपासावे. १९५७ च्या निवडणुकीत, मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती. राजीनाम्याच्या पुण्याईवर चिंतामणराव सहज निवडून आले असते. ते उभेच राहिले नाहीत. नेहरूंच्याच कारकिर्दीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. भावनेच्या भरात भांडून बाहेर पडलेल्या माणसाची ही रीत नाही. पुढे १९५९ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांची तड लावायला स्वतंत्र न्यायाधिकरण नेमा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. तिथे मुंबईचा संबंध नव्हता. सत्तेने स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवू नये, हा आग्रह मात्र तोच होता.

मुंबईने त्या राजीनाम्याला निमित्त दिले, बळही दिले. पण त्याला निव्वळ मराठी बाणा म्हणणे म्हणजे चिंतामणरावांचा गौरव करता करता त्यांचा मुद्दा गाळणे होय. मंत्रिमंडळाला वगळून निर्णय होतात आणि गोळीबाराच्या चौकशा टाळल्या जातात, तोवर त्या निवेदनाचा अर्धाच भाग वाचणे आपल्याला परवडणारे नाही.