नाव हरवलेल्या पेशी

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार होत. त्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. व्याधीच्या वर्णनासोबत त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही आहेत. व्याधी आणि व्याधिग्रस्त यांची तेथे फारकत होत नाही.

विसाव्या शतकातील कर्करोग-संशोधनात मात्र अशी फारकत झाली. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातील पेशी त्यांच्या संमतीविना घेण्यात आल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या अखंड वाढू लागल्या. याच ‘हेला’ पेशी. त्या इतक्या जोमदार, की दूषित पिपेटमधून किंवा उडालेल्या थेंबातून शेजारच्या बशीत शिरल्यास मूळ पेशींना मागे टाकून सारी बशी व्यापतात. बशीवरची चिठ्ठी मात्र जुनीच राहते.

१९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या ऊतींच्या समजल्या जाणाऱ्या १८ मानवी पेशीवंशांतील एक विकर तपासले. सर्वांत त्याचा एकच प्रकार आढळला आणि तो बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या लोकांतच असतो. लॅक्स त्याच वंशाच्या होत्या. अनेक पेशीवंश मात्र गोऱ्या रुग्णांचे म्हणून नोंदलेले होते. हा निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. दोष केवळ हेलाचाही नव्हता. स्तनकर्करोगाचा म्हणून वर्षानुवर्षे वापरलेला ‘एमडीए-एमबी-४३५’ हा पेशीवंश पुढे त्वचेच्या मेलानोमाचा ठरला. त्यावरील प्रयोग काटेकोर असले, तरी त्यांची उत्तरे भलत्याच रोगाची होती.

गाय यांच्याकडे काम केलेल्या, मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील पेशीसंग्रहातून देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. त्यांची ओळख पटवण्याचे साधन म्हणजे एसटीआर चाचणी. डीएनएतील ठरावीक जागी लहान तुकडे किती वेळा पुन्हा आले आहेत, हे ती मोजते. तो आकड्यांचा संच मूळ दात्याच्या नोंदीशी ताडून पाहता येतो.

चाचणी सोपी आहे. ती वेळोवेळी करण्याची शिस्त अवघड. पेशी ज्या माणसाची, त्याच्यापासून तिचे नाव सुटले, की तिच्यावर रचलेले ज्ञानही निराधार होते.