वैविध्य आणि उतरंड

पश्चिम घाटातील जी 39 स्थळे 2012 साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत राधानगरीचे अभयारण्य आहे. जैववैविध्याचा हा सन्मान योग्यच. पण निसर्गाला जैववैविध्य जितके आवश्यक, तितकेच मानवजातीला सांस्कृतिक वैविध्य आवश्यक, अशी तुलना युनेस्कोने 2 नोव्हेंबर 2001 च्या जाहीरनाम्यात केली आहे. ही तुलना आपल्या देशात जपून वापरली पाहिजे. राधानगरीच्या रानात हिरडा जांभळाला अस्पृश्य मानीत नाही.

आपल्याकडे मात्र जातींची उतरंडच ‘विविधतेत एकता’ ह्या गोंडस नावाखाली खपविली जाते. मांगाची हलगी मिरवणुकीत हवी, चांभाराची वहाण पायात हवी. ही कामे कोणी कोणावर लादली, हे मात्र विचारायचे नाही! 2001 च्याच सप्टेंबरात डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून भारत सरकारने त्याला विरोध केला. दोन महिन्यांनी आलेल्या युनेस्कोच्या जाहीरनाम्याचे चौथे कलम म्हणते की, सांस्कृतिक वैविध्याचा आधार घेऊन कोणालाही मानवी हक्कांचा भंग करता येणार नाही. वैविध्याचे गोडवे गाणारे हे कलम सहसा वाचीत नाहीत.

ज्या राजाने आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी वसविली, त्याला वेगळेपण आणि विषमता यांतला फरक नेमका कळला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये मराठा व जैन, 1906 मध्ये मुस्लिम आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभारण्यास हातभार लावला. जातवार वसतिगृहांनी जाती घट्ट होतील, असा आक्षेप आजही निघतो. आक्षेप घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, ज्या मुलाला शहरात कोणी घरात घेत नव्हते, त्याला आधी निवारा हवा होता. वेगळी वसतिगृहे काढणाऱ्या ह्याच राजाने 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविले. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे ह्यांना त्याने कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. तेथे तो स्वतः चहा पीत असे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजीत असे.