नादिष्टांचे शब्द

ब्रँडन सँडरसनच्या ‘द वे ऑफ किंग्ज’ या कादंबरीचं ऑडिओबुक ४५ तासांहून मोठं आहे. ठाण्याहून सीएसएमटीला लोकलनं रोज जाता-येता ऐकलं, तरी महिनाभर पुरतं. तरीही ते शेवटपर्यंत ऐकणारी आणि लगेच दुसरा भाग सुरू करणारी मराठी माणसं आहेत. ती स्वतःला ‘फॅन’ म्हणवून घेतात, मित्र त्यांना ‘गीक’ म्हणतात. घरचे मात्र या दोन्ही शब्दांच्या वाटेला जात नाहीत. ते म्हणतात, ‘त्याला त्या ड्रॅगनबिगनचा नाद आहे.’

माझं मत घरच्यांच्या बाजूनं आहे. ‘नाद’ हा या प्रकाराला सर्वांत चपखल बसणारा शब्द आहे, आणि ऑडिओबुकांच्या बाबतीत तर दुप्पट चपखल. संस्कृतात नद् म्हणजे आवाज करणं. त्यावरून नाद म्हणजे ध्वनी, आणि खळाळणारी म्हणून नदीसुद्धा त्याच घरातली. मग ध्वनीचा अर्थ घेऊन आलेला शब्द मराठीत ‘पत्त्यांचा नाद’, ‘नाटकाचा नाद’, ‘वाईट मुलांच्या नादी लागला’ इथवर कसा पोचला? मला पटतं ते हरणाचं उत्तर. एकेका इंद्रियापायी जीव गमावणाऱ्या प्राण्यांची यादी आपल्या जुन्या साहित्यात पुन्हा पुन्हा येते. पतंग रूपाला भुलतो, भुंगा वासाला, मासा चवीला, हत्ती स्पर्शाला, आणि हरीण शिकाऱ्याच्या सुराला. या हरणासाठी ‘नादलुब्ध’ असा खास शब्दच आहे. म्हणजे ‘नादी लागणं’ मुळात कानांतून होणारी फसगत. हेडफोन घालून दादर स्टेशनात उतरायचं विसरणाऱ्या माणसाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचत नाही. त्यावर कोल्हापूरकरांनी आणखी एक शब्द चढवून ‘नाद खुळा’ करून टाकलं. वेडाचे दोन शब्द एकत्र केले आणि अर्थ झाला शाबासकी!

आता ‘फॅन’कडे वळू. लॅटिनमध्ये ‘फॅनम’ म्हणजे देऊळ. त्यावरून ‘फॅनॅटिकस’. रोममध्ये हा शब्द बेलोना, सिबिली अशा देवींच्या त्या भक्तांना लावत, ज्यांच्या अंगात येई आणि जे त्या भरात स्वतःच्या दंडावर वार करून घेत. मरीआईचा पोतराज ज्यानं पाहिला आहे, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. इंग्रजीत पुढे त्याचा ‘फॅनॅटिक’ झाला, म्हणजे धर्मवेडा. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर त्याची शेपटी छाटून ‘फॅन’ करण्यात आलं. मराठीत या जातीचे शब्द आधीपासून होते. पुस्तकानं ‘झपाटणं’ म्हणजे भुतानं धरणं. ‘वेडंपिसं’ मधला ‘पिसा’ हा पिशाच्चाच्या कुळातला. रोमन देवी असो की मराठी भूत, अंगात कोणीतरी शिरलं आहे ही कल्पना दोन्हीकडे एकच. त्या मानानं वर्तमानपत्रांनी चालवलेला ‘चाहता’ फारच सोज्ज्वळ वाटतो. चाहता शाल-श्रीफळ घेऊन येतो. फॅन मात्र पहाटे तीनला उठून नव्या भागाचं पहिलं प्रकरण ऐकतो.

‘फॅन’ची एक दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते. बहुतेक कोशकार ‘फॅनॅटिक’कडेच झुकतात, पण ही दुसरी मला सोडवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मुष्टियुद्धाच्या शौकिनांना मिळून ‘द फॅन्सी’ म्हणत. कबुतरं पाळणाऱ्यांना इंग्रजीत आजही त्याच शब्दावरून ‘पिजन फॅन्सियर’ म्हणतात. काहींच्या मते ‘फॅन’ हे या ‘फॅन्सी’चं लघुरूप. आणि ‘फॅन्सी’ म्हणजे? ‘फँटसी’ हा शब्द आखडून झालेला शब्द. तेव्हा ही व्युत्पत्ती खरी ठरली, तर ‘फँटसीचा फॅन’ म्हणजे एकच शब्द दोनदा उच्चारणं! ही ‘फॅन्सी’ आपल्याकडे केव्हाच बालवाडीच्या दारातून आली आहे. ‘फॅन्सी ड्रेस’मध्ये कोणी शिवाजी होतो, कोणी भाजीवाली होते, आणि स्टेजवर गेल्यावर रडू फुटतं.

‘फँटसी’च्या मुळाशी आहे ग्रीक ‘फँटासिया’, आणि त्याच्याही मागे ‘फायनेइन’, म्हणजे दाखवणं, उजेडात आणणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचा धागा संस्कृत ‘भा’ धातूशी जोडतात. प्रभा, भानू, भास, आभास हे सगळे त्याच ‘भा’चे. म्हणजे ‘फँटसी’ आणि ‘आभास’ लांबचे मावसभाऊ निघाले.

मराठी समीक्षेनं मात्र या प्रकारासाठी ‘आभास’ घेतला नाही, ‘अद्भुत’ घेतला. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कानं निरुक्तात ‘अद्भुत’चा संबंध ‘अभूत’शी लावला आहे, म्हणजे जे झालेलंच नाही ते. आजचे व्युत्पत्तिकार हे मान्य करतीलच असं नाही, पण फँटसीची व्याख्या म्हणून ती झकास आहे. दुर्दैव असं, की ‘अद्भुतरम्य’ हा शब्द आपल्याकडे बराच काळ शेरा म्हणून वापरला गेला. हा शेरा बसलेल्या कादंबऱ्यांपैकी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्यानंतर काही वर्षांनी. पुढे हरिभाऊ आपटे आले, सामाजिक कादंबरी आली, आणि ‘अद्भुतरम्य’ म्हणजे कादंबरीचं बालपण, असं वाङ्मयेतिहासात पक्कं होऊन बसलं. मोठ्या माणसानं ड्रॅगनांच्या गोष्टी वाचल्या की आपल्याकडे अजूनही भुवया वर जातात, त्यात या शेऱ्याचा वाटा आहे असं माझं मत आहे.

भुवया सगळीकडेच वर गेल्या आहेत म्हणा. ‘गीक’ हा शब्द ‘गेक’ या जुन्या शब्दावरून आला, अर्थ मूर्ख. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये हा ‘गेक’ आहे. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या इसमाला ‘गीक’ म्हणत, आणि विल्यम ग्रेशमच्या १९४६ च्या ‘नाइटमेअर अ‍ॅली’ या कादंबरीनं तो अर्थ सर्वदूर नेला. त्याचा जोडीदार ‘नर्ड’ छापील स्वरूपात प्रथम दिसतो तो १९५० साली, डॉ. सूस यांच्या मुलांच्या पुस्तकात, एका काल्पनिक प्राण्याचं नाव म्हणून. जपानचा ‘ओताकू’ मुळात अत्यंत सभ्य शब्द आहे. त्याचा अर्थ ‘आपलं घर’, आणि त्यावरून ‘आपण’. अ‍ॅनिमेवेडी मुलं एकमेकांशी अशा अतिआदरानं बोलतात याची टर उडवायला नाकामोरी आकिओ या लेखकानं १९८३ मध्ये तो त्यांच्यावर चिकटवला. तिन्ही शब्द चिडवण्याचे, आणि ज्यांना चिडवलं त्यांनीच ते पुढे मिरवले.

मराठीत मिरवण्यासारखा शब्द पडून आहे, तो कोणी उचलत नाही: ‘छांदिष्ट’.

‘छंद’ म्हणजे संस्कृतात इच्छा, आवड, मर्जी. ‘स्वच्छंद’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. वृत्ताला छंद म्हणतात, वेदालाही छंदस् म्हणतात. पाणिनीनं ‘छन्दसि’ म्हटलं की समजायचं, हा नियम वैदिक भाषेपुरता. मराठीत छंदाला एक हट्टीपणाही चिकटला. लहान मूल ‘छंद घेतं’ म्हणजे चंद्रच हवा म्हणून बसतं. आता ‘छंदवर्ग’ निघाले, उन्हाळी सुट्टीत कागदकाम आणि मातीकाम आलं, आणि छंद अगदी शहाणा होऊन गेला. ‘छांदिष्ट’ मात्र शहाणा झाला नाही. छांदिष्ट माणूस आपल्या तंद्रीत असतो, व्यवहारात थोडा कच्चा असतो, आणि त्याच्या विषयावर त्याला छेडलं की जेवण गार होईपर्यंत थांबत नाही. या शब्दात चेष्टा आहे, पण विष नाही. एल्फांच्या भाषेचं व्याकरण पाठ असलेल्या माणसाला ‘गीक’ म्हणण्यापेक्षा ‘छांदिष्ट’ म्हणावं. त्याला कोंबडीचं मुंडकं तोडायला लागत नाही.

छंदाच्या इंग्रजी जोडीदाराचं, ‘हॉबी’चं, मूळही थोडक्यात सांगतो. हॉबी म्हणजे लहान चणीचं घोडं. त्यावरून काठीला घोड्याचं तोंड लावलेलं खेळणं आलं, आणि त्यावर बसून कुठेही न पोचण्याच्या आनंदावरून आजचा अर्थ. टॉल्किनच्या ‘हॉबिट’चा याच्याशी काही संबंध नाही, नाहीतर जोडून द्यायला मला आवडलं असतं.

फँटसीच्या वाचकांनी मात्र एक शब्द कोणी न सांगता आपणहून उचलला आहे, तो ‘पारायण’. ‘हॅरी पॉटरची पारायणं झालीत’ हे वाक्य पुण्या-नाशकात सर्रास ऐकू येतं. पार अधिक अयन, म्हणजे पैलतीराला जाणं. गुरुचरित्राचा सप्ताह सात दिवसांत पार करतात. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे १४ खंड १९९० ते २०१३ एवढ्या काळात पुरे झाले. जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि शेवटचे तीन खंड सँडरसननं लिहून काढले. नवा खंड येण्याआधी जुने सगळे पुन्हा वाचायची या वाचकांची रीत. इंग्रजीत त्याला नुसतं ‘रीरीड’ म्हणतात. त्यात पैलतीर नाही, सोवळं नाही, आणि शेवटच्या दिवशी पुरणही नाही.

या पारायणाच्या परंपरेत अस्सल फँटसी आहेच. धुंडीसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’ १८१९ मध्ये पुरा झाला, अध्याय ४०. मच्छिंद्रनाथ एका बाईला भस्माची चिमूट देतात, ती शंकेनं ते भस्म उकिरड्यावर टाकते, आणि बारा वर्षांनी नाथ परत येऊन हाक मारतात तेव्हा उकिरड्यातून गोरक्ष बाहेर येतो. पुढे गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत असताना पोरं त्याला चिखलाची गाडी आणि गाडीवान करून मागतात. तोंडात मंत्र, हातात चिखल, आणि गाडीवान जिवंत होऊन उठतो. तोच गहिनीनाथ. या ग्रंथातल्या अस्त्रांना ठरलेली कामं आहेत आणि उतारेही. अग्न्यस्त्र पावसानं विझतं, वाताकर्षणानं समोरच्याचा श्वासच कोंडतो. जादूला नियम हवेत, असा आग्रह धरणाऱ्या सँडरसनला ही पोथी वाचून दाखवायला हवी.

आणि ‘वाचून दाखवायला’च हवी, कारण पोथी ही मुळात ऐकायची गोष्ट. चातुर्मासात एक जण वाचतो, बाकीचे वाती वळत ऐकतात. त्यासाठीचं क्रियापद पाहा: पोथी ‘लावली’. रेडिओ लावतात, गाणं लावतात, आणि आता फोनवर पुस्तकही लावतात. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये अंधांसाठी तबकड्यांवर ‘बोलती पुस्तकं’ निघाली, पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ होती. तिकडे अजून वाद चालतो, की ऐकणं हे वाचणं धरायचं का. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला नंबर देणाऱ्या आपल्याला हा प्रश्न पडायला नको. ‘श्राव्यपुस्तक’ हा प्रतिशब्द सरकारी अर्जातला वाटतो, तो माझ्यापुरता बाद. ‘ऑडिओबुक’ राहू द्यावं, पण ते ‘लावावं’.

कॉमिक कॉन या मेळ्याला सुपरहिरोचा वेश करून जाणाऱ्यांसाठीही शब्द बाहेर शोधायला नको. १९८०च्या दशकात जपानमध्ये ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ जोडून ‘कॉस्प्ले’ तयार झाला. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या उत्सवात देव-दानवांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात, त्याला ‘सोंग’ म्हणतात. शब्द तयारच आहे.

असे आणखी शब्द घराघरांत नक्की असणार. विदर्भात, कोकणात, गोव्यात, बडोद्याच्या किंवा तंजावरच्या मराठी घरांत, कानात हेडफोन घालून दिवसभर बसलेल्या मुलाला आजी कोणत्या शब्दानं हाक मारते? तो शब्द तिच्या उच्चारासकट लिहून ठेवा आणि जमलं तर मलाही कळवा.