दयेपासून उपचारापर्यंत : भारतातील प्राण्यांची रुग्णालये आणि पालकांची कृतज्ञता



समजा, रात्री अकराच्या सुमारास तुमच्या घरातल्या कुत्र्याने उंदीर मारायचे औषध खाल्ले. नेहमीचा दवाखाना बंद आहे. शेजारी एका डॉक्टरांचा नंबर देतात. ते दार उघडतात, कुत्र्याला उलटी करवतात, सलाईन लावतात आणि पहाटेपर्यंत त्याच्याजवळ थांबतात. कुत्रा वाचतो. त्या डॉक्टरांचे नाव तुमचे घर पुढे कित्येक वर्षे विसरत नाही. कधी प्राणी वाचतही नाही. तरीही लोक काही दिवसांनी परत येऊन आभार मानतात, कारण त्याला हळुवारपणे हाताळले गेले आणि आपल्याला खरे काय ते सांगितले गेले, एवढे त्यांना पुरते.

ही भावना इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही. पण असे आभार मानायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : प्राण्याला 'माझा' म्हणणारा माणूस, त्याच्या आजाराचे ज्ञान असलेला वैद्य आणि ऐन वेळी उघडे असलेले दार. भारतात या तीन गोष्टी एकत्र आल्या नाहीत. त्या कोणत्या क्रमाने आल्या, कोणासाठी आल्या आणि कोणाला त्यांचा जाच झाला, हे या टिपणात पाहू.

१. दया होती, वैद्यही होता. पण वेगवेगळ्या ठिकाणी

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन प्रकारच्या चिकित्सेचा उल्लेख आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या, असेही त्यात म्हटले आहे. हा लेख गुजरातमधील गिरनारसह अनेक ठिकाणी सापडतो. मात्र इथे एक सावधगिरी बाळगा. लेखात चिकित्सेची सोय सांगितली आहे, रुग्णालयाच्या इमारतीचा उल्लेख नाही. 'अशोकाने प्राण्यांची रुग्णालये बांधली' हे विधान लेखात नसलेली गोष्ट त्यावर लादते.

त्यानंतरच्या काळात पशुवैद्यकाचे ग्रंथ रचले गेले. शालिहोत्राच्या नावावर अश्वचिकित्सेची परंपरा आहे, तर पालकाप्याच्या नावावर हत्तींच्या चिकित्सेची. या ग्रंथांचे विषय पाहिले तरी त्यांचा आश्रयदाता कोण हे कळते. घोडा आणि हत्ती हे सैन्याचे प्राणी होते. त्यामुळे प्राण्यांचे तज्ज्ञ ज्ञान मुख्यतः राजाच्या पागेत आणि हत्तीखान्यात वाढले.

दयेची वाट निराळी होती. ती व्यापारी शहरांत, विशेषतः गुजरातमध्ये, जैन आणि वैष्णव महाजनांनी चालवलेल्या पांजरपोळांत दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतला कुत्री, मांजरे, पक्षी यांच्यासाठी चालवलेल्या जागांची नोंद केली. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी तिथेच पक्ष्यांचे रुग्णालय पाहायला गेला. आई नसलेली उंदरांची पिल्ले कापसात ठेवली होती आणि चष्मा लावलेला, पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध पक्ष्याच्या पिसाने त्यांच्या तोंडात दूध घालत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. हा वृद्ध लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

पांजरपोळाचे वैशिष्ट्य असे की तिथे येणारा प्राणी बहुधा कोणाचाच नसे किंवा मालकाने सोडून दिलेला असे. त्याला मरेपर्यंत चारापाणी द्यायचे, पण मारायचे नाही, हा नियम होता. खर्च महाजनांच्या देणग्यांतून आणि व्यापारी मालावर बसवलेल्या 'लाग्या'तून चाले. हे पुण्याचे काम होते. इथे आभार मानणारा मालक नव्हता आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

२. मुंबई, १८३२ ते १८८६

दया आणि वैद्यक एकाच आवारात कशी आली, हे मुंबईच्या उदाहरणावरून नीट समजते. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने केला होता. १८३२ मध्ये ही मोहीम लांबवण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने कुत्री पकडणारे लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडण्याला 'सगदीद' म्हणतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने आणि व्यवहार बंद राहिले, आणि त्यात इतर समाजांचे लोकही सामील झाले. सरकारने बळ वापरून हा दंगा मोडला. पुढे पुढारी व्यापाऱ्यांनी सरकारला विनंती केली की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. जमशेटजी जीजीभॉय आणि हिंदू व जैन व्यापारी तिच्यामागे होते. म्हणजे एका दंग्याचे उत्तर एका संस्थेने दिले. ही संस्था मात्र अजून आश्रयस्थानच होती.

पुढची पायरी परळला आली. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था कलकत्त्यात १८६१ मध्ये आणि मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून १८८० च्या दशकात परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे नाव देण्यात आले. २ ऑगस्ट १८८६ रोजी याच परिसरात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयात येणारे प्राणी हेच विद्यार्थ्यांचे धडे झाले. दान देणाऱ्यांची दया आणि प्रशिक्षित वैद्याचे ज्ञान इथे एका छताखाली आले. दोन्ही संस्था आजही परळला आहेत.

सरकारला मात्र पशुवैद्य हवे होते ते वेगळ्या कारणासाठी : सैन्याचे घोडे आणि शेतीची जनावरे. बुळकांडीच्या साथींनी लाखो गुरे मरत होती आणि त्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला. लाहोर (१८८२), मुंबई (१८८६), कलकत्त्याजवळ बेलगाछिया (१८९३) आणि मद्रास (१९०३) येथील महाविद्यालये या गरजेतून वाढली. घरातले कुत्रे-मांजर अभ्यासक्रमाच्या कडेला राहिले.

३. एकच दार, दोन माणसे

रुग्णालय उभे राहिले म्हणजे सगळे मालक कृतज्ञ झाले, असे समजू नका. १८९० च्या कायद्याने जखमी किंवा काम करण्यास असमर्थ जनावर कामाला जुंपणे हा गुन्हा ठरवला. दंडाधिकारी असे जनावर रुग्णालयात पाठवू शकत असे आणि तेथील खर्च मालकाकडून घेतला जाई.

आता बैलगाडी हाकणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बैलाच्या खांद्याला जखम आहे हे त्याला दिसते. पण बैल थांबला तर त्या दिवशीची कमाई थांबते. बैल रुग्णालयात गेला की मजुरी बुडते, वर दंड आणि चाऱ्याचे पैसे भरावे लागतात. बैलाच्या दृष्टीने ती सुटका होती, मालकाच्या दृष्टीने जप्ती. त्याच दारातून आपले आजारी कुत्रे घेऊन येणारा सुखवस्तू माणूस मात्र आभार मानून जात असेल.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. कृतज्ञता केवळ उपचार किती चांगला होता यावर अवलंबून नसते. उपचाराचा भार कोणावर पडतो, यावरही ती अवलंबून असते. आजही रात्रीच्या तातडीच्या उपचाराचे बिल परवडत नाही म्हणून प्राण्याला घरी परत नेणारा पालक असतो. त्याचे दुःख कोणत्याही अभिप्राय वहीत सापडत नाही.

आणखी एक पेच होता. पांजरपोळ प्राण्याला कधीच मारत नसे. पशुवैद्य मात्र बरा न होणाऱ्या, असह्य वेदनेतल्या प्राण्याला शांतपणे मृत्यू देणे हेही आपले काम मानतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्राण्याला वेदनामुक्त करण्याची तरतूद आहे. दोन्ही बाजू स्वतःला दयाळूच म्हणतात. निर्णयाच्या क्षणी पालकाला या दोन दयांमधून एक निवडावी लागते. म्हणूनच तेव्हा जवळ बसून समजावून सांगणारा डॉक्टर त्याच्या आयुष्यभर लक्षात राहतो.

४. वेळेवर उघडे दार

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदलले. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. १९६४ मध्ये मद्रासमध्ये ब्लू क्रॉस ऑफ इंडिया ही संस्था रीतसर नोंदली गेली. १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यांच्या नोंदणीची आणि परिषदेची व्यवस्था झाली. शहरांत कुत्री-मांजरे अंगणातून घरात आली आणि 'मालक' या शब्दाऐवजी लोक स्वतःला 'पालक' म्हणवू लागले. सरकारी कागदांत मालक हाच शब्द राहिला, हेही ध्यानात घ्या.

तातडीच्या सेवेची तीन अलीकडची उदाहरणे पाहा. पहिले, १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके. ती मुख्यतः खेड्यातल्या गुराढोरांसाठी आहेत. अडलेल्या गाईजवळ रात्री उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे आभार हे शहरी पालकाच्या आभारांपेक्षा कमी प्रतीचे नाहीत. दुसरे, मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे चोवीस तास चालणारे रुग्णालय. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेल्याची आठवण सांगितली होती. तिथे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. आपल्याला जे मिळाले नाही ते इतरांना मिळावे, या भावनेतूनही संस्था उभ्या राहतात. तिसरे, गुजरातमधील 'करुणा अभियान'. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाच्या मांजाने कापलेल्या पक्ष्यांवर तिथे तातडीने उपचार होतात. त्या पक्ष्यांना पालक नसतो. खंबायतच्या पक्षी-रुग्णालयाची परंपरा त्याच प्रदेशात आता शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आली आहे.

५. कृतज्ञता हे ऐतिहासिक साधन कसे वापरावे

देणगीफलक, विश्वस्तपत्रे, अभिप्राय वह्या, आभाराची पत्रे ही इतिहासाची साधने आहेत. पण ती वाचताना तीन प्रश्न विचारा. कोणी लिहिले? ज्यांना लिहिता आले, खर्च परवडला आणि दारापर्यंत पोहोचता आले, त्यांनीच बहुधा लिहिले. कशाबद्दल लिहिले? जीव वाचल्याबद्दल की वागणुकीबद्दल? आणि कोणाचे नाव राहून गेले? देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरलेले असते. रात्रभर जागलेल्या कंपाउंडरचे आणि जखमी प्राणी धरून ठेवणाऱ्या मदतनिसाचे नाव सहसा कुठेच नसते.

देल्ला वाल्लेने पाहिलेल्या वृद्धाचा चष्मा, दाढी आणि हातातले पीस आपल्याला माहीत आहे. त्याचे नाव माहीत नाही. उंदरांची पिल्ले आभार मानू शकत नव्हती आणि पाहुण्यानेही नाव विचारले नाही.

समारोप

भारतात प्राण्यांबद्दलची दया जुनी आहे, चिकित्साशास्त्रही जुने आहे. पण सामान्य माणसाच्या प्राण्यासाठी दोन्ही एकत्र येणे ही गेल्या दीडशे वर्षांतली गोष्ट आहे, आणि रात्रीही उघडे असणारे दार तर त्याहून नवे. तुमच्या गावात आज रात्री असे दार उघडे आहे का, आणि ते कोणासाठी आहे, हा प्रश्न या इतिहासाचाच पुढचा भाग आहे.

स्वाध्याय

१. पांजरपोळ आणि पशुवैद्यकीय रुग्णालय यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. १८३२ च्या मुंबईतील दंग्यामागची धार्मिक आणि प्रशासकीय कारणे लिहा.
३. १८९० च्या कायद्याकडे गाडीवानाच्या आणि संस्थेच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहून टीप लिहा.
४. उपक्रम : जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याला भेट द्या. भिंतीवरच्या फलकावरील नावे उतरवून घ्या. मग तेथील सर्वांत जुन्या मदतनिसाशी बोलून एका रात्रीची हकिकत त्यांच्या परवानगीने लिहून काढा. त्यांना आवडत असेल तर त्यांच्या नावासह.