थरच्या वाळवंटात फिरायला जाताय? उंटावर बसण्याआधी हे वाचा

नाशिक रोडहून मुंबईमार्गे रेल्वेने जैसलमेर गाठता येते. तिथून सुमारे ४० किमीवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. वाळू लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून दुपारी टोपी, तर रात्री स्वेटर हवाच.

उंटाची सफर: सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी करा. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा आपण पुढे झुकतो. म्हणून खोगीर घट्ट धरा आणि मागे रेला.

जीप सफर: थरार आहे, पण रुळलेली वाट सोडू नका. याच भागात ३,१६२ चौ. किमीचे डेझर्ट नॅशनल पार्क आहे. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य ज्या माळढोकासाठी ओळखले जाते, तो पक्षी आज मुख्यतः इथेच तग धरून आहे. संख्या दोनशेहूनही कमी. तो उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. वाट सोडून धावणाऱ्या जीपखाली त्याचा गवताळ माळच तुडवला जातो.

त्यामुळे निघण्यापूर्वीच चालकाला सांगा: गाडी वाटेवरच ठेवा.